वेळणेश्वर परिसरातील पक्षी निरीक्षण सहली : बागायतदारांसाठी पूरक व्यवसाय

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर हे गाव शिवमंदिरासाठी आणि नारळी-पोफळीच्या आगरांनी वेढलेल्या पुळणीसाठी प्रसिद्ध आहे. अनेक घराण्यांचे हे कुलदैवत असल्याने दर्शनासाठी लोक वर्षभर येतात, तर दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुटीत पर्यटकांची गर्दी होते. मात्र सुटीचे दिवस संपले की घरगुती निवासाच्या खोल्या रिकाम्या पडतात. नारळ, सुपारी आणि आंबा या पिकांच्या दरातील चढउतार, वानर-माकडांचा उपद्रव आणि मजुरीचा वाढता खर्च यांमुळे बागायतदाराला जोड उत्पन्नाची गरज भासते. अशा वेळी पक्षी पाहण्यासाठी येणाऱ्या अभ्यासू पाहुण्यांकडे लक्ष देणे फायद्याचे ठरेल.

हा पाहुणा नेहमीच्या पर्यटकापेक्षा वेगळा असतो. तो हिवाळ्यात आणि भर पावसातही येतो, पहाटे उठतो, शांतता मागतो आणि साध्या घरगुती जेवणावर समाधानी असतो. त्याला पोहण्याचा तलाव किंवा वातानुकूलित दालन लागत नाही. त्याला लागते ते म्हणजे ढोली असलेले जुने झाड, खाडीचा चिखल, न तोडलेली देवरहाटी आणि न जाळलेला सडा. या गोष्टी पैसे देऊन विकत आणता येत नाहीत. म्हणून या व्यवसायाचे पहिले काम खोली बांधण्याचे नसून आपल्या जमिनीचा कोणता कोपरा कोणत्या पक्ष्याला सांभाळतो हे ओळखण्याचे आहे. तो कोपरा गेला तर पक्षी जातो आणि त्याच्यामागून पाहुणाही.

अनुभव काय सांगतो?

कोकण किनारा आणि पक्ष्यांचा अभ्यास यांचे नाते जुने आहे. डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) यांनी १९३० च्या सुमारास रायगड जिल्ह्यातील किहीम येथे सुगरण पक्ष्याचे बारकाईने निरीक्षण केले. नर घरटे विणतो, मादी ते तपासून पसंत करते आणि एकच नर एकापाठोपाठ अनेक माद्यांशी संसार मांडतो, हे त्यांनी दाखवून दिले. विहिरीवर किंवा माडाच्या झावळ्यांना लोंबणारी सुगरणीची घरटी आपण दर पावसाळ्यात पाहतो. अशा साध्या दृश्यातही अभ्यासकाला पाहण्यासारखे किती असते, हे यावरून ध्यानात येईल.

गावकऱ्यांनी निसर्गातून उत्पन्न मिळवल्याचे जवळचे उदाहरण म्हणजे मंडणगड तालुक्यातील वेळास. चिपळूण येथील सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था १९९२ मध्ये स्थापन झाली. पांढऱ्या पोटाच्या समुद्र गरुडाच्या घरट्यांची किनाऱ्यावर पाहणी करणाऱ्या या संस्थेने २००२ पासून वेळासला सागरी कासवांच्या संरक्षणाचे काम हाती घेतले. २००६ पासून तेथे कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाची सोय गावकऱ्यांनी आपापल्या घरी केली. कासवाची अंडी पूर्वी उकरून नेली जात. पुढे त्याच अंड्यांतून बाहेर पडणारी पिल्ले पाहण्यासाठी दूरदूरचे लोक गावात राहू लागले. मात्र कासवांचा हंगाम थोड्या आठवड्यांचा असतो. पक्ष्यांचा हंगाम त्या मानाने पुष्कळ मोठा आहे.

पुणे जिल्ह्यात उजनी जलाशयावरील भिगवण-कुंभारगाव भागात मच्छीमार बांधव आपल्या होड्यांतून पाहुण्यांना रोहित पक्षी दाखवतात आणि घरचे जेवण देतात. ओडिशातील चिलिका सरोवराकाठी असलेल्या मंगलाजोडी गावात तर पूर्वी पक्ष्यांची शिकार करणारेच आज वाटाडे झाले आहेत. या ठिकाणी उपयोगी पडले ते स्थानिक माणसाचे ज्ञान. वेळणेश्वरला हे ज्ञान माडावर चढणाऱ्या पाडेल्याकडे, गुरे राखणाऱ्याकडे आणि खाडीत जाळे टाकणाऱ्याकडे आहे. कोणत्या माडात पोपटाची ढोली आहे आणि कोणत्या झाडावर घुबड बसते, हे पाडेली न पाहताही सांगू शकतो.

परिसरातील पक्ष्यांच्या जागा

१) पुळण व खडक : थंडीत येथे कुरव, सुरय, चिखल्या आणि तुतवार हे पक्षी दिसतात. यांपैकी बरेचसे उत्तरेकडील थंड प्रदेशांतून येणारे पाहुणे आहेत. खडकांच्या आसपास समुद्र बगळा मासे टिपताना आढळतो. आकाशात ब्राह्मणी घार आणि पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड यांच्याकडे लक्ष ठेवावे. समुद्र गरुड मासे आणि समुद्रसाप खातो. तो किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर काटक्यांचे मोठे घरटे बांधतो आणि तेच घरटे डागडुजी करून पुन्हा पुन्हा वापरतो. त्यामुळे असे एक झाड तुटले तर एका जोडीचा पिढीजात ठिकाणाच आपण मोडतो.

२) खाडी व खाजण : गुहागर तालुक्याच्या उत्तरेस वाशिष्ठीची दाभोळ खाडी व दक्षिणेस शास्त्री नदीची जयगड खाडी आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात कोरल, तुतवार, बगळे आणि खंड्यांच्या जाती चरतात. कांदळवनाच्या मुळांत मासे व कोळंबीची पिल्ले वाढतात, म्हणून ही जागा मच्छीमारांनाही तेवढीच मोलाची आहे.

३) आगर व परसबाग : नारळ, सुपारी, जायफळ, काळी मिरी आणि केळी अशी मिश्र लागवड असलेल्या बागेत निरनिराळ्या उंचीवर पक्ष्यांना आसरा मिळतो. शिंजीर, सुभग, हळद्या, दयाळ, तांबट, सुतार, भारद्वाज, कोतवाल आणि पिंगळा हे येथील नेहमीचे रहिवासी किंवा हंगामी पाहुणे होत. एकाच पिकाच्या स्वच्छ झाडलेल्या बागेपेक्षा अशा बागेत पक्षी अधिक दिसतात.

४) देवरहाटी व जुनी झाडे : वड, पिंपळ, उंबर, बेहडा, सातवीण, काजरा या झाडांवर फळे खाणारे पक्षी येतात. धनेश पक्ष्याची मादी मोठ्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, ढोलीचे तोंड लिंपून फक्त एक फट ठेवते आणि नर बाहेरून तिला व पिल्लांना फळे भरवतो. या काळात नर मेला किंवा झाड तोडले गेले, तर आतील सर्वांचा जीव जातो. धनेशाला लागणारी ढोली कोवळ्या झाडात तयार होत नाही.

५) सडा : जांभ्याच्या उघड्या सड्यावर चंडोल, टिटवी आणि थंडीत भोवत्यासारखे शिकारी पक्षी दिसतात. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते व ती दगडांसारखी दिसतात. म्हणून उन्हाळ्यात सड्यावर फिरताना पायाखाली पाहून चालावे.

हंगामाप्रमाणे सहलीचे नियोजन

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : पुळण, खाडी व सडा यांसाठी हा उत्तम काळ होय. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह २०२० पासून साजरा केला जातो. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचा, तर १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस आहे. नव्याने काम सुरू करणाऱ्यांनी पहिली सहल या आठवड्यात गावातील शाळेच्या मुलांसाठी विनामूल्य ठेवावी. त्यातून सराव होतो आणि गावाचा विश्वासही मिळतो.

फेब्रुवारी ते मार्च : काटेसावर व पांगारा फुलला की मध पिण्यासाठी आणि फुलांवरील किडे टिपण्यासाठी पक्ष्यांची झुंबड उडते. फुललेल्या एका सावरीसमोर तासभर स्वस्थ बसले तरी पुष्कळ जाती पाहता येतात. कुंपणाकडेला ही झाडे असतील तर राखावीत.

एप्रिल ते मे : उंबर, वड आणि जांभूळ यांच्या फळांवर गर्दी असते. धनेशाची वीण याच सुमारास असल्याने पाहुण्यांना ढोलीजवळ नेऊ नये. फळांच्या झाडाजवळ वाट पाहावी.

जून ते सप्टेंबर : तिबोटी खंड्या आणि नवरंग हे देखणे पक्षी पावसाच्या सुमारास कोकणात विणीसाठी येतात. तिबोटी खंड्या ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करतो. सुगरणीची घरटीही याच काळात पाहावयास मिळतात. पर्यटनाच्या दृष्टीने रिकाम्या जाणाऱ्या महिन्यांत या पक्ष्यांमुळे पाहुणे येऊ शकतात.

भरती-ओहोटी व सूर्याचा विचार

पुळणीवरील व खाडीतील सहल घड्याळापेक्षा भरतीवर ठरवावी. पाणी ओसरू लागले की पक्षी चिखलावर विखरून चरतात आणि भरती वाढू लागली की उरलेल्या उंच जागी थव्याने गोळा होतात. हे दोन्ही काळ निरीक्षणास चांगले. किनाऱ्यावर प्रचलित असलेला हिशोब येथे उपयोगी पडतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. उदाहरणार्थ, अष्टमीस ८ ची पाऊणपट ६, म्हणजे पहाटे व सायंकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती येईल. पक्की वेळ भरतीच्या वार्षिक कोष्टकावरून घ्यावी.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी समुद्राकडे पाहताना सूर्य पाठीशी असतो, त्यामुळे पिसांचे रंग स्पष्ट दिसतात. सायंकाळी सूर्य समोर आल्याने पक्षी काळे दिसतात. म्हणून पुळणीवरील निरीक्षण सकाळी ठेवून संध्याकाळ आगरासाठी किंवा सड्यासाठी राखून ठेवावी.

दोन रात्रींच्या मुक्कामाचा नमुना

पहिला दिवस : दुपारी चारपर्यंत आगमन. चहानंतर आगरात फेरी. रात्री अंगणातूनच पिंगळा, घुबड व रातवा यांचे आवाज ऐकणे.

दुसरा दिवस : सकाळी साडेसहाला पुळण. नऊ वाजता घावन-चटणीची न्याहारी. उन्हाच्या वेळी विश्रांती किंवा नारळ सोलणे, काळी मिरी वाळवणे, आमसुले करणे अशी हंगामातील कामे दाखवणे. दुपारनंतर भरती पाहून खाडीकाठ.

तिसरा दिवस : पहाटे देवरहाटीची कड व सडा. न्याहारीनंतर दिसलेल्या पक्ष्यांची यादी सर्वांनी मिळून पुरी करणे व निरोप.

एका वाटाड्याबरोबर सहा ते आठ पाहुण्यांपेक्षा अधिक माणसे घेऊ नयेत. गट मोठा झाला की बोलणे वाढते आणि पक्षी उडतात. देवरहाटीत जाण्यापूर्वी गावकीची व देवस्थानची संमती घ्यावी आणि पादत्राणे, प्रवेश यांविषयीचे गावचे नियम पाहुण्यांना आधीच सांगावेत.

बागेत काय करावे, काय टाळावे

१) ढोली असलेले जुने किंवा वठलेले झाड घरावर, वाटेवर अथवा विजेच्या तारांवर पडण्याचा धोका नसेल तर उभे ठेवावे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्हा आणि उत्तर रत्नागिरीतील असंख्य झाडे जमीनदोस्त केली. त्यानंतर उरलेल्या जुन्या झाडांचे मोल अधिकच वाढले आहे.

२) उंदरांसाठी विषारी आमिष वापरताना काळजी घ्यावी. असे आमिष खाऊन मेलेला उंदीर घुबडाने खाल्ल्यास त्यालाही विषबाधा होऊ शकते. शक्य तेथे सापळे वापरावेत, माडाच्या खोडाला पत्र्याची पट्टी ठोकावी आणि मेलेले उंदीर पुरून टाकावेत. गव्हाणी घुबडाचे मुख्य अन्न उंदीर-घुशी हेच आहे.

३) कीटकनाशकाची फवारणी गरज असेल तेव्हाच व शिफारशीत मात्रेत करावी. कोतवाल, भारद्वाज, दयाळ हे पक्षी किडे व सुरवंट वेचतात. पाहुणे मुक्कामास असताना फवारणी टाळावी.

४) सड्यावरील गवताला लावलेली आग जमिनीवरील घरट्यांबरोबरच काजू-आंब्याच्या कलमांनाही खाते. कलमांभोवती पावसाळ्यानंतर जाळरेषा काढून ठेवावी.

५) आगराच्या एका कडेला उथळ पसरट भांड्यात पाणी ठेवावे, ते रोज बदलावे. मांजर दबा धरून बसेल अशी झुडपे भांड्याजवळ नसावीत.

६) गडग्याला लागून उंबर, जांभूळ, सातवीण, करवंद अशा स्थानिक झाडाझुडपांना जागा द्यावी.

पक्षी सर्वच उपकारक असतात असे म्हणणे बरोबर होणार नाही. पोपट फळे कुरतडतात, मोर भाजीचे व भाताचे नुकसान करतात. परंतु वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये वन्य पक्षी पकडणे, मारणे, त्यांची अंडी किंवा घरटी काढणे हा गुन्हा आहे. फळांना पिशव्या घालणे, जाळ्या लावणे आणि राखण करणे हेच उपाय योजावेत.

पाहुण्यांसाठी नियम

घरट्याचे छायाचित्र मिळावे म्हणून पाहुणा जादा पैसे देऊ करतो. येथे वाटाड्याची खरी कसोटी लागते. घरट्याजवळ माणूस वारंवार गेला तर पालक पक्षी अंडी सोडून जाऊ शकतो आणि कावळ्याला घरट्याची जागा कळते. तेव्हा खालील नियम सुरुवातीसच सांगावेत व सर्वांना सारखे लावावेत.

– घरट्याच्या जवळ जाऊ नये, आड येणारी फांदी तोडू नये.
– मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये.
– रात्री घुबडाच्या किंवा रातव्याच्या डोळ्यांवर झगझगीत प्रकाश टाकू नये.
– छायाचित्रासाठी थवा उडवू नये. लांबून आलेल्या पक्ष्यांना खाण्याची व विसाव्याची गरज असते.
– घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर देऊ नये.
– भडक कपडे, मोठ्याने बोलणे व प्लॅस्टिकचा कचरा टाळावा.

सुरक्षिततेबाबतही दक्ष राहावे. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे या विषारी सापाचे प्रमाण मोठे आहे. सड्यावर व पाखाडीवर बूट घालूनच चालावे, दगड उलटू नयेत, अंधारात विजेरी वापरावी. जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरील लस आहे की नाही याची हंगामापूर्वी खात्री करावी. भरतीच्या वेळी शेवाळलेल्या खडकांवर कोणालाही जाऊ देऊ नये. जखमी पक्षी आढळल्यास वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे.

भांडवल, नोंदी व वाटणी

सुरुवातीस मोठे भांडवल लागत नाही. एक स्वच्छ खोली, स्वच्छतागृह, ८×४० शक्तीची एक-दोन दुर्बीण, मराठीतील सचित्र पक्षी पुस्तक व प्रथमोपचार पेटी एवढ्यावर काम सुरू करता येते. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये मंजूर झाले असून त्याखालील नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. नोंदणीच्या अटी व शुल्क यांची माहिती संचालनालयाच्या विभागीय कार्यालयातून घ्यावी.

जाहिरात करण्यापूर्वी वर्षभर आपल्या आगराची पक्षी नोंदवही ठेवावी. तीत तारीख, वेळ, भरतीची स्थिती, जागा, पक्ष्याचे नाव, संख्या आणि तो कोणत्या झाडावर काय करीत होता हे लिहावे. प्रमाण मराठी नावाबरोबर गावातील नावही नोंदवावे. नाव ओळखता आले नाही तर वर्णन लिहून ठेवावे, अंदाजाने नाव घालू नये. अशी वही झाल्यावरच कोणत्या महिन्यात काय दिसेल हे पाहुण्याला खात्रीने सांगता येते. न दिसणाऱ्या पक्ष्याचे आश्वासन दिले तर पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही.

हिशोब मांडताना जेवण, धुलाई, वीज, प्रवास, वाटाड्याची मजुरी व खोलीची देखभाल हे सर्व खर्च धरावेत. घरच्या माणसांची, विशेषतः पहाटेपासून चुलीपाशी राबणाऱ्या गृहिणीची मजुरीही खर्चात लिहावी. बहुतेक ठिकाणी ती वगळली जाते व नफा उगाच मोठा दिसतो.

यापुढील बाब सर्वांत महत्त्वाची आहे. पाहुणा आपल्या घरी उतरतो, परंतु समुद्र गरुड शेजाऱ्याच्या झाडावर बसतो, धनेश देवरहाटीत असतो आणि कोरल खाजणात. त्या झाडाच्या मालकाला काहीच मिळाले नाही, तर अडचणीच्या वर्षी तो ते झाड लाकडाच्या व्यापाऱ्याला देईल आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. म्हणून प्रत्येक सहलीच्या रकमेतून ठराविक हिस्सा झाडमालकासाठी व देवरहाटीच्या राखणीसाठी वेगळा काढावा. निवास चालवणारी तीन-चार घरे, पाडेली, होडीवाले व झाडमालक यांनी एकत्र येऊन हा हिस्सा बैठकीत ठरवावा आणि लेखी ठेवावा. लाकडाचे पैसे एकदाच हाती येतात. उभ्या झाडाचा हिस्सा थोडा असला तरी हंगामागून हंगाम येत राहतो, हे मालकाला प्रत्यक्ष रकमेतून दिसले पाहिजे.

सारांश

पक्षी निरीक्षण सहल हा शेतीला पर्याय नाही. आगराची मशागत, खत-पाणी व पीक संरक्षण नीट ठेवून करावयाचा तो जोडधंदा आहे. तो हळूहळू वाढवावा. प्रथम वर्षभर नोंदी, मग शाळेची सहल, त्यानंतर लहान गट आणि शेवटी जाहिरात असा क्रम ठेवावा. वेळणेश्वरसारख्या गावाजवळ पुळण, आगर, देवरहाटी, सडा व खाडी एवढ्या निरनिराळ्या जागा थोड्या अंतरात आहेत, ही मोठीच अनुकूलता होय. बागायतदार बंधू-भगिनींनी येत्या आठवड्यातच आपल्या हद्दीतील ढोलीची झाडे मोजावीत, प्रत्येक झाडाखाली सकाळचा अर्धा तास थांबावे आणि जे दिसेल ते वहीत उतरवावे. नोंदवहीचे पहिले पान तेथूनच सुरू होईल.